मेंढ्या बसवलेलं अंगण

बारामती, ५ मे २०२४

ती. दादास,
संजीवनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि जे येतं ते तू उलटं धरतोस, म्हणून पत्र. बंगल्यापुढची बाग दुसऱ्यांदा मेली. पुण्याच्या बागवाल्याने हिरवळीच्या गाद्या अंथरल्या, परदेशी ताड उभे केले, फोटो काढले आणि गेला. महिन्यात सगळं करपलं. आता फोनही उचलत नाही.

यांनी निकाल दिला आहे. दसऱ्यापर्यंत अंगण हिरवं झालं नाही तर पेव्हर ब्लॉक बसवायचे. दादा, गुडघ्यांमुळे माझं गावाकडे येणं थांबलं. पायाखाली माती म्हणून हा एवढाच तुकडा उरला आहे, तो मला सोडवत नाही. खात्रीचा माणूस असेल तर धाड.

लोभ आहेच, माणूसही लवकर यावा.
तुझी संजू

नरसिंहपूर, १२ मे

चि. सौ. संजूस,
दादासोचे अनेक आशीर्वाद.

लोणी भापकरचा बिरदेव येत्या सोमवारी येईल. त्याचे वडील सोनबा अजून मेंढरं राखतात, हा बागा करतो. आपल्या शाळेपुढची बाग त्याचीच, तीन वर्षांत एक झाड गेलं नाही. दोष एकच, बोलत नाही. अजितरावांनी जन्मभर बँकेत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, त्याच्या कामात काढू नयेत. तू मातीत हात घालताना हातमोजे घालतेस का, असं तुझी वहिनी विचारते.

आहे तशीच राहा, माया कमी करू नकोस.
तुझा दादा

बारामती, ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बिरदेवने कुदळ मारली आणि वीतभर मातीखाली बिल्डरचा राडारोडा निघाला. चार दिवस तोच उपसला, चांगली माती भरली. मग मी रोपांची वाट बघते, तर दारात सोनबा आणि चाळीस मेंढ्या. माती उपाशी हाय, सोनबा म्हणाले, आधी तिला जेवू घालू. दोन मुक्काम कळप अंगणात बसला. अख्खी कॉलनी बघायला आली आणि यांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले होते. तेवढ्यात यांनी सगळ्या लेंड्या झाडून तीन पोती भरली, घंटागाडीत टाकली आणि वर फिनेल शिंपडलं. माझ्यावर उपकारच केले असं त्यांना वाटलं. बिरदेव आला, अंगण पाहिलं आणि गाडीला किक मारून गेला. दोन दिवस झाले, तो आला नाही आणि मी यांच्याशी बोललेले नाही. आता तो परत येईल असं वाटत नाही. मला रडू येतं रे.

तुझी संजू

नरसिंहपूर, १५ जून

चि. सौ. संजूस, आशीर्वाद.

शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी धनगराला पदरचं धान्य देतो, आणि अजितरावांनी ते खत घंटागाडीला दिलं. तुझी वहिनी भाकरी थापता थापता इतकी हसली की भाकरी करपली. रडू नकोस. बिरदेव रागावला नाही, तो पुन्हा मेंढ्या मागायला वडिलांचा कळप गाठायला गेला होता. सोनबांचा निरोप आहे, फिनेल पावसानं धुऊन जाऊ द्या, म्हंजी पुन्यांदा बसवू, फकस्त पावण्यांचा झाडू लपवा.

दादा

बारामती, १३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मेंढ्या पुन्हा बसल्या ते कळवलंच होतं. त्यावर बिरदेवने हिरव्या खतासाठी ताग पेरला आणि कमरेएवढा झाल्यावर मातीतच गाडून टाकला. हे रोज विचारायचे की बाग कुठे आहे. बिरदेव दर बाजारच्या दिवशी यायचा, मूठभर माती दाबून बघायचा आणि म्हणायचा, अजून न्हाय. श्रावणात म्हणाला, आता व्हय.

आज दोडक्याचा वेल गच्चीवर पोचलाय, जाईला कळ्या आहेत, आणि काल दसऱ्याला साऱ्या गल्लीच्या दारांची तोरणं आपल्या झेंडूची होती. सकाळी तासभर अनवाणी फिरले. गुडघे कुरकुरले, मी ऐकलं नाही.

दुपारी ब्लॉकवाला माप घ्यायला हजर. यांनी त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. हे त्याला झेंडूच्या बाजूने मागे घेऊन गेले, गाडी लावतो त्या सिमेंटच्या जागेपाशी उभे राहिले आणि ते सगळं फोडून माती मोकळी करायला किती दिवस लागतील असं विचारलं. दादा, मी जिंकले. गाडी रस्त्यावर उभी आहे आणि मागे घण वाजतोय.

वहिनीला घेऊन बघायला ये, तोवर अशीच माया असू दे.
तुझी संजू