आमिरच्या आईचं कॉफीचं भांडं

९ ऑक्टोबर, आइंडहोवन
उद्या सारायेवो. आमिरच्या आईला भेटायला. इतकी वर्षं आई कांदेपोह्यांसाठी मागे लागली तर नाक मुरडलं, आणि आता स्वतःच तिकीट काढून दाखवून घ्यायला चाललेय! आईला काहीच सांगितलेलं नाही. मुलगा परदेशी, त्यात मुसलमान. तिच्या लेखी मी ऑफिसच्या कामाला. आधी तिकडची पसंती होऊ दे.

१० ऑक्टो., सारायेवो
आमिरचं घर चढावर. खाली जुना बाजार धुक्यात बुडालेला, मिनारांची टोकं तेवढी वर. कुठूनतरी ठक ठक. तांबटांची गल्ली, आमिरच्या बाबांचं दुकान तिथेच होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आमिरची आई, म्हणजे काकू (मनातल्या मनात काकूच म्हणते) उंच, अबोल. माझा हात धरून बघत बसल्या. काही कळेना. कॉफी लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यातून, जेझवा म्हणतात. बाहेरून काळाकुट्ट.
झोपेतही ठक ठक. इथे आधी कधीतरी येऊन गेल्यासारखं...

११ ऑक्टो.
काय करून बसले!
सकाळी सगळे झोपलेले. होणाऱ्या सुनेनं लवकर उठून काहीतरी करावं, हे डोक्यात कुणी भरलं कोण जाणे. जेझवा दिसला. चिंच नव्हती, लिंबू-मीठ घेतलं. देवाची भांडी घासतो तसा घासला. लखलखीत! फार आनंद झाला.
काकू आल्या. हातात घेतला. तिथेच खुर्चीत बसल्या.
आमिर हळूच: "बाबांनी केलेला. रोज तेच कॉफी करायचे. ते गेल्यापासून बाहेरून कुणी हात लावला नव्हता. ती काजळी त्यांची होती."
"आधी सांगायचंस ना!"
"जेझवा बाहेरून घासतं कोण?"
धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

१२ ऑक्टो.
काकू बोलत नाहीत.
आमिरबरोबर गल्लीत गेले. दोन्हीकडे तांबं, सुरया, पराती. ऊन भांड्यांवरून उडून भिंतींवर हलत होतं. चालतेय की तरंगतेय, कळेना. एवढं सुंदर गाव आणि मला रडू.
"नाही म्हणाल्या तर?"
"मग आपण दोघं."
हे उत्तर नको होतं. मला काकूंचा होकार हवा आहे.

१३ ऑक्टो.
निघायच्या आधी काकूंनी स्वयंपाकघरात बोलावलं. गॅस मोठा केला, जेझवा माझ्या हातात दिला. मी कॉफी केली, उतू गेली. बूड जरासं काळवंडलं. त्या हसल्या, पहिल्यांदाच. मग बोलत राहिल्या, आमिर अर्थ सांगत गेला: "पुन्हा तसा व्हायला माझं आयुष्य पुरणार नाही. तू घेऊन जा. रोज कर." जवळ घेतलं. मी ढसाढसा रडले.

१९ ऑक्टो., आइंडहोवन
इथे इंडक्शन! जेझवा तापेचना. आमिरनं कॅम्पिंगचा छोटा गॅस आणला. बाल्कनीत कॉफी, समोर धुकं. क्षणभर मिनार शोधले.
दुपारी आईचा व्हिडिओ कॉल. जेझवा मागे दिसला तिला.
"किती गोड भांडं गं! कुणी दिलं?"
मैत्रिणीनं, असं तोंडावर आलं होतं.
"सासूबाईंनी," म्हटलं.
आईकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. मग म्हणाली, "थांब, गॅस बंद करून येते."
फोन टेबलावर ठेवून गेली. हे लिहितेय तोवर स्क्रीनवर नुसतं छत दिसतंय. कॉल चालू आहे.