डोळे मिटून केलेला प्रचार

सुवा, सोमवार

आदरणीय मामा,

विलिमाइनाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता प्रवचनाला व्यासपीठाच्या पायऱ्या चढू देतो का? मामीचा खोकला थांबला का? तिकडे कडावू बेटाभोवती समुद्र खवळला होता असं ऐकलं. गावात सगळे सुखरूप असतील अशी आशा करते. मी खुशाल आहे. काल कॉलेजच्या रेडिओवर तुम्ही काही ऐकलं असेल तर ते अर्धंच आहे (आणि ऐकलं नसेल तर आईनं फोनवर दीडपट सांगितलं असेल), म्हणून खरं काय ते मीच लिहिते.

निवडणूक तोंडावर आली आहे. आम्हाला पत्रकारिता शिकवणाऱ्या लेपानी सरांनी मला चर्चमधली रविवारची उपासना थेट ऐकवायला पाठवलं. ताकीद एकच होती: प्रचाराचा एक शब्द जरी गेला तरी तुझा कार्यक्रम बंद. मी म्हटलं, देवाच्या दारात कोण प्रचार करतंय! (मी दुसऱ्या वर्षाला आहे, मामा. या वर्षी माणसाला सगळं कळत असतं.)

तर उमेदवार इसिमेली आले. मागे एकाच छापाच्या कापडाचे कपडे घातलेलं अख्खं खानदान. चर्चमध्ये भाषणाला बंदी आहे हे त्यांना ठाऊक, म्हणून गरीब गाईसारखे बसले होते. पण आमच्या भोळ्या पाद्रीबाबांनी पाहुण्याचा मान म्हणून त्यांनाच प्रार्थना सांगायला बोलावलं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि इसिमेलींनी तोंड उघडलं.

“हे प्रभो, धक्क्याकडे जाणारा रस्ता कुणी करून दिला हे तू जाणतोस. पाण्याच्या टाक्या कुणी आणल्या तेही जाणतोस. लोक विसरतात, तू विसरू नकोस. आणि माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बंधूला क्षमा कर. तो यंगोना प्यायला बसला की उठत नाही, तो सभागृहात तरी कसा उठणार?”

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? माइक बंद करावा तर प्रार्थना तोडल्याचं पाप, चालू ठेवावा तर प्रचार. एकीकडे लेपानी सर, दुसरीकडे देव, आणि घरी रेडिओला कान लावून बसलेली आई. (भीतीचा क्रम चढता आहे.)

वाचवलं ते सालोते आजींनी. त्या गायकवृंदात वरच्या पट्टीत गातात आणि विरोधी उमेदवाराच्या सख्ख्या मावशी आहेत. त्या मोठ्यांदा “आमेन!” म्हणाल्या. इसिमेली टाक्यांवरून पुलांवर गेले. “आमेन म्हटलं ना, बाळा!” तरी ते थांबेनात, तेव्हा आजींनी सरळ स्तोत्रच सुरू केलं, आणि त्यांच्यामागून सगळा गायकवृंद. इसिमेलींनी आवाज चढवला, यांनीही चढवला. पण मामा, स्तोत्र चालू असताना आपल्या माणसाला वेगळं राहवतं का? दुसऱ्या कडव्याला इसिमेली रस्ता, टाक्या, पूल सगळं विसरले आणि खर्जात असे काही गायले, की आजींनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही.

नंतर जेवणाच्या चटईवर आजींनी स्वतः त्यांना नारळाच्या रसातला मासा वाढला. म्हणाल्या, “मत मिळणार नाही. मासा घे.”

“मत राहू द्या आजी, डालोचा कंद अजून एक वाढा.”

आज सकाळी कार्यक्रम गेलाच असं धरून मी सरांपुढे उभी राहिले. सर म्हणाले, “प्रचार गेला खरा, पण उत्तरही तिथल्या तिथे गेलं. दोन्ही बाजू इतक्या सुरात मी कधी ऐकल्या नव्हत्या.” कार्यक्रम वाचला! मग हळूच म्हणाले, “त्या प्रार्थनेत मध्येच एक मुलगी ‘देवा रे, आता मी काय करू?’ म्हणते, ती कोण?” (श्रोत्यांचे फोन आले म्हणे, कालची खरी प्रार्थना तेवढीच होती.)

मला एवढं कळलं, की चर्चमध्ये सगळ्यांनी खुशाल डोळे मिटावेत, बातमीदारानं एक उघडा ठेवावा. आणि श्रद्धेच्या आडून मतं कुणीही, अगदी कुणीही, मागू नयेत. यावर मी सणसणीत निबंध लिहिते आहे.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
विलिमाइना

ता. क. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला मी उभी आहे. कडावूची बरीच मुलं इथे शिकतात आणि त्यांच्या आया तुमच्यासमोर पहिल्या बाकांवर बसतात. येत्या रविवारी प्रार्थनेत जमलं तर पाहा. नाव मात्र घेऊ नका, ते तत्त्वात बसत नाही. “हुशार, प्रामाणिक आणि पाद्रीची भाची” एवढं म्हटलं तरी देवाला कळेल.

आणखी ता. क. देवाला नाही कळलं तरी चालेल. आयांना कळलं पाहिजे.