औम पेल्देन यांना पुन्हा मैदानावर बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
लुमजेखा खोरे प्रशासन,
लुमजेखा, भूतान.

अर्जदार : कु. केझांग वांगझोम, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), रा. लुमजेखा. आंतरराष्ट्रीय तिरंदाजी मालिकेच्या तिसऱ्या टप्प्यात वाऱ्याच्या नोंदी ठेवणारी सहायक.

विषय : औम (श्रीमती) पेल्देन, वय ६४, यांच्यावरील तीन वर्षांची मैदानबंदी दि. १७ जूनच्या गावसामन्यापूर्वी उठवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, दि. २ मे २०२३.
२) आपला मैदानबंदीचा आदेश, दि. २४ मे २०२३.

महोदय,

१. दरवर्षी चार देशांत चार टप्प्यांनी होणाऱ्या या मालिकेचा तिसरा टप्पा यंदा प्रथमच आपल्या खोऱ्यात, दि. १६ ते २१ मे या काळात पार पडला. त्याआधी आपण संदर्भ क्र. १ अन्वये गावकऱ्यांना कळवले होते की, "पाहुण्या तिरंदाजांचा आपल्या परंपरेप्रमाणे यथोचित सन्मान करावा." हे परिपत्रक मठाच्या भिंतीवर आणि दोन्ही दुकानांच्या दारांवर लावले होते. गावकऱ्यांनी ते वाचले आणि त्यांना त्यात काहीही अस्पष्ट वाटले नाही. इथे तिरंदाजाचा सन्मान एकाच प्रकारे होतो. तो नेम धरत असताना समोर निशाणाजवळ उभे राहायचे, नाचायचे आणि त्याला मोठ्याने नावे ठेवायची. ज्याला कोणीच नावे ठेवत नाही तो तिरंदाज नव्हे, नुसता धनुष्य हातात घेतलेला माणूस. खोऱ्यात हे काम गेली चाळीस वर्षे सर्वांत चांगले कोण करते याबद्दल दुमत नसल्यामुळे ते औम पेल्देन यांच्याकडे आले. त्या अर्जदाराच्या सख्ख्या आत्या आहेत, हे प्रारंभीच नमूद करणे योग्य.

२. आत्याने ही जबाबदारी हलक्यात घेतली नाही. सरावाचे दोन्ही दिवस ती लोणी-चहाचा थर्मास घेऊन उतारावर बसून एकेचाळीस तिरंदाजांना पाहत होती. "सगळ्यांना एकाच वेळी बोलून टाक ना," असे अर्जदाराने सुचवले असता ती म्हणाली, "हा काय मिरची-चीजचा टोप आहे, एकाच डावाने सगळ्यांना वाढायला? लांबून आलीत पोरं. प्रत्येकाला त्याचं त्याचं मिळालं पाहिजे."

३. शनिवार दि. २० मे रोजी उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडचे श्री. ओन्नी सारेला तिसऱ्या सेटचा पहिला बाण लावत असताना आत्या दोरीखालून वाकून आत शिरली, निशाणापासून दोन मीटरवर उभी राहिली आणि नाचू लागली. तिरंदाज ते निशाण या सत्तर मीटर अंतरात त्या क्षणी पूर्ण शांतता होती, कारण मालिकेच्या नियमांनुसार ती असावी लागते. अशा शांततेत आत्याने काढलेले उद्गार आदेशात इंग्रजीत दिलेले आहेत. मूळ उद्गार असे :

"अरे ए उंटा, धनुष्य आणलंयस की कपडे वाळत घालायची काठी?"

"मार, मार! मी इथेच उभी राहते. तू नेम धरलास की निशाणाजवळची जागाच सगळ्यात सुरक्षित!"

"उजवा खांदा बघ तुझा, कानाशी गुजगोष्टी करायला निघालाय! बाण काय कुणाच्या छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या मोजायला पाठवतोस?"

निशाणाजवळ उभे राहणे धोक्याचे होते हे अर्जदाराला पूर्णपणे मान्य आहे. आमच्याकडे तिथेच उभे राहतात, हा त्यावर खुलासा होऊ शकत नाही. मात्र आदेशात बंदीचे मुख्य कारण "पाहुण्या खेळाडूचा अपमान" असे दिले आहे आणि त्याबाबतच हा अर्ज आहे.

४. येथे अर्जदाराला स्वतःच्या चुकीची कबुली द्यावयाची आहे. तिसऱ्या बाणानंतर पंचांनी खेळ थांबवून "या बाई काय म्हणाल्या?" असे विचारले तेव्हा जवळ इंग्रजी येणारी व्यक्ती अर्जदारच होती. अर्जदाराचे शिक्षण मोजमाप करण्याचे असल्याने तिने शब्दाला शब्द ठेवून, काहीही न गाळता भाषांतर केले. उंटाबद्दल पंचांना शंका आली तेव्हा तिने तो शब्द पुन्हा सांगितला. "या बाई आपल्याला उत्तम तिरंदाज समजतात आणि आपला खांदा किंचित वर येतो आहे," एवढेच सांगितले असते तर ते जास्त खरे ठरले असते. आपल्या आदेशातील पुरावा क्र. १ म्हणजे अर्जदाराचे ते भाषांतर होय. त्यात एकही चूक नाही, याचे तिला आता वाईट वाटते.

५. आदेशातील दुसरे कारण असे की आत्याच्या बोलण्याने खेळाडूच्या कामगिरीवर परिणाम झाला. अर्जदार वाऱ्याच्या नोंदी दर वीस सेकंदांनी घेत असल्याने तिच्याकडे त्या सामन्यातील प्रत्येक बाणाची वेळ, वारा आणि गुण आहेत. आत्या बोलण्यापूर्वीच्या सहा बाणांची सरासरी ९.० होती. आत्या बोलत असताना सोडलेल्या तीन बाणांची सरासरीही ९.० आहे. तीन बाण ही संख्या फार लहान आहे, तरीही उपलब्ध माहितीवरून बोलण्याचा परिणाम शून्य निघतो. पुढच्या सामन्यात श्री. सारेला यांचा खांदा खाली आलेला दिसला व सरासरी ९.४ झाली. पण तेव्हा वाराही कमी होता, म्हणून अर्जदार त्याचे श्रेय आत्याला देत नाही.

हा निष्कर्ष आत्याच्या बाजूचा सर्वांत मजबूत पुरावा आहे. परंतु तो तिला वाचून दाखवला असता तिचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं घसा फोडतेय," ती म्हणाली, "आणि माझी सख्खी भाची सरकारला लिहून देते की परिणाम शून्य?" तिने हा मजकूर अर्जातून काढण्यास सांगितले. अर्जदाराने तो काढलेला नाही. आत्याचा आक्षेप तिच्या अंगठ्यासह सोबत जोडला आहे.

६. आपल्या कार्यालयाने दयाळूपणे असेही कळवले होते की, "मी बोललेले मनापासून नव्हते," एवढे आत्याने लिहून दिल्यास बंदी सहा महिन्यांवर आणता येईल. अर्जदाराने तो कागद तयार करून तिच्यापुढे ठेवला. आत्याने तो पूर्ण ऐकला आणि परत केला. ती म्हणाली, "दोन दिवस उन्हात बसून त्याचा खांदा पाहिला मी. मनापासून नव्हतं म्हटलं, तर त्या पोराला वाटेल या म्हातारीने मला धरलंच नाही तिरंदाजात. इतकं वाईट मी कुणाला बोलत नसते." तिच्या वयाला तीन वर्षे थोडी नाहीत, हे अर्जदाराने तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, तिला आकडे येतात.

श्री. सारेला यांनी सामन्यानंतर अर्जदाराला गाठून तीनही वाक्ये कागदावर मागून घेतली. गेल्या आठवड्यात त्यांचे पत्र आले आहे. त्यांच्या गावी सरावाच्या मैदानावर दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही, आणि खांद्याची गोष्ट त्यांच्या प्रशिक्षकांखेरीज आजवर फक्त आत्याच्या लक्षात आली, असे ते लिहितात. उपांत्य फेरीत बाई काहीच बोलल्या नाहीत, आपले काही चुकले काय, अशी विचारणाही त्यांनी केली आहे. तोपर्यंत आत्याला मैदानाबाहेर काढले होते हे अर्जदाराने त्यांना कळवले.

७. बंदीचे परिणाम एकट्या आत्यापुरते राहिलेले नाहीत. दि. २८ मे रोजी शेजारच्या गेब्जी गावाशी सराव सामना झाला. गेब्जीच्या औम छोकी या आत्याच्या चाळीस वर्षांपासूनच्या प्रतिस्पर्धी. त्या दिवशी त्या मैदानावर आल्या, चटई टाकली आणि सामनाभर तोंड मिटून बसून राहिल्या. "समोर पेल्देन नाही. मग बोलू कुणाच्या तोडीचं?" एवढेच त्या म्हणाल्या. त्यामुळे आत्याचे यजमान, आमच्या संघाचे आप (श्री.) ल्हेन्दुप, यांना जन्मात पहिल्यांदा शांततेत बाण मारावे लागले. त्यांचे दोन बाण लागले. लोकांनी "छान, छान" म्हटले. घरी येऊन ते जेवले नाहीत. "मी मेलो की काय?" ते विचारू लागले. "मेलेल्या माणसाबद्दलच लोक इतकं गोड बोलतात."

घरचीही स्थिती चांगली नाही. आत्या यजमानांना सदतीस वर्षे "अरे रेड्या" म्हणत आली, ती आता "आपण जेवणार का?" असे विचारते. पहिल्यांदा विचारले तेव्हा आतोबा घाबरून वैद्याकडे गेले होते.

८. तरी विनंती अशी की, दि. १७ जूनच्या गावसामन्यापूर्वी ही बंदी उठवावी. सुरक्षेसाठी आत्या निशाणापासून तीस मीटर दूर, दोरीबाहेर उभी राहील. हे तिने नाखुशीने पण स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. तिथून तिचा आवाज तिरंदाजापर्यंत पोचतो काय, हे अर्जदाराने मोजून पाहिले आहे. पोचतो.

९. अखेरीस एक बाब अर्जदार संकोचाने मांडत आहे. आपली या खोऱ्यात बदली होऊन आठच महिने झाले, त्याआधी नऊ वर्षे आपण परदेशी होतात. त्यामुळे काही गोष्टी आपल्या कानावर आल्या नसतील.

आदेशानंतरच्या दोन्ही शनिवारी, दि. २७ मे व ३ जून रोजी, आपण कार्यालयाच्या संघाकडून गावच्या मैदानावर बाण मारलेत. अर्जदार दोन्ही दिवस सवयीने नोंदी घेत होती. आपण एकूण चोवीस बाण सोडलेत. निशाणाला एकही लागला नाही. प्रत्येक बाणानंतर उपस्थित गावकऱ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि आपण दर वेळी वळून, किंचित झुकून त्यांचे आभार मानलेत. आपण फार प्रसन्न दिसत होतात, म्हणून तेव्हा सांगण्याचे कोणाला धैर्य झाले नाही. आमच्या खोऱ्यात टाळ्या कौतुकासाठी वाजवत नाहीत. घरात किंवा शेतात पिशाच्च शिरले तर ते घालवण्यासाठी वाजवतात. आपल्या कर्मचाऱ्यांना हे ठाऊक आहे. ते का बोलले नाहीत, याची अडचण अर्जदार समजू शकते.

यात आपल्याबद्दल वैर नाही. बोलणाऱ्या बाईला मैदानाबाहेर ठेवल्यावर लोकांकडे सभ्यपणाखेरीज काही उरले नाही, आणि तो त्यांनी आपल्याला पूर्ण दिला.

आत्याने कळवले आहे की बंदी उठल्यास १७ तारखेचा पहिला मान आपला. दोन्ही शनिवारी ती मैदानाच्या कुंपणाबाहेर, अक्रोडाच्या झाडाखाली बसून आपल्याकडे पाहत होती. आपल्या डाव्या कोपराबद्दल, धनुष्य धरण्याच्या पद्धतीबद्दल आणि आपण डोळे नेमके कधी मिटता याबद्दल तिची तयारी पूर्ण झाली आहे. अर्जदाराने ती ऐकली. ती शब्दशः येथे देत नाही. एकदा तसे करून पाहिले आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही)
केझांग वांगझोम
लुमजेखा, दि. ९ जून २०२३

सोबत :
१) दि. २० मे रोजीच्या वाऱ्याच्या व बाणांच्या नोंदी.
२) वरील नोंदींच्या निष्कर्षावर औम पेल्देन यांचा आक्षेप, अंगठ्यासह.
३) श्री. ओन्नी सारेला यांचे पत्र. (भाषांतर केलेले नाही. कृपया मूळच वाचावे.)
४) औम छोकी व गेब्जीच्या अकरा महिलांचे पाठिंब्याचे निवेदन. त्यात औम पेल्देन यांच्याविषयी वापरलेले शब्द सन्मानार्थ आहेत.