मालविकेच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने

अहो,

मी रेणापूरला काल्याच्या कीर्तनाला चालले आहे. प्रसाद घेऊन तिथंच मावशीकडे थांबेन, दिवेलागणीला येईन. जेवण झाकून ठेवलंय.

मालविका पाच वाजता हलव्याचे दागिने न्यायला येईल. लग्नानंतरची तिची पहिलीच संक्रांत. डबा कपाटावर आहे. फ्रिजमध्ये ठेवू नका, हलवा पाझरतो.

परवा माझ्या हातून हार तुटला, दाणे घरभर झाले. आज सकाळी डबा उघडला तर हार पुन्हा ओवलेला! घरात आपण दोघंच. गाठी तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला माराव्यात तशा. मास्तर, मी काही विचारणार नाही.

न विचारता लग्न केलं म्हणून आठ महिने तुम्ही पोरीशी बोलला नाहीत. काल कीर्तनात महाराज म्हणाले, "रुसलेला देव भजनानं हसतो, रुसलेल्या बापाला कसं हसवावं?" सगळे हसले. मला लई भरून आलं.

डबा तुम्हीच तिच्या हातात द्या. बोलायला काही सुचलं नाही तर चहा टाका. ती पाया पडायला वाकली, तर तेवढे पाय मागे घेऊ नका.

चंद्रप्रभा