परक्या घरातली कपाटं

चि. भाचीबाईस,

मामाचे आणि मामीचे मिळून भरघोस आशीर्वाद. (मामी म्हणते, माझे वेगळे लिहा, तुमच्यात मिसळले की पोचत नाहीत. तर तिचे वेगळे, माझे वेगळे, बेरीज तू कर.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा गुडघा खुशाल नाही, पण त्याला आम्ही घरच्यांत धरत नाही. उजव्या अंगठ्याला मात्र नवीनच दुखणं लागलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाने दुखतो? म्हटलं, बेडकांशी लढून. त्यांनी अंगठा तसाच ठेवला आणि माझा रक्तदाब परत मोजला. तुझं कसं काय? वेळेवर जेवतेस ना? हा प्रश्न मामीने अधोरेखित करायला सांगितला होता, पण पट्टी सापडत नाही, तेव्हा तो अधोरेखित आहे असं समजून उत्तर दे.

आता मुद्द्याचं. त्या धुलाई दुकानाच्या वरच्या खोलीत तू आणि तुझा भागीदार मिळून जुन्या व्हिडिओ गेमचा अड्डा थाटताय, ही फार चांगली गोष्ट आहे. (धुलाईवाल्याच्या वाफेने भिंतींना ओल येईल, ते आधी बघ.) तुझा भागीदार, म्हणजे ज्याला मी तुरतुऱ्या म्हणतो आणि जो ते हसून ऐकून घेतो, त्याचं म्हणणं असं की जपानी गोष्टीवाल्या खेळांची तुझी फळी काढून टाकायची आणि तिथे मोटारींच्या शर्यतीची खुर्ची ठेवायची. आजच्या नवख्या माणसाला बसल्याबसल्या मजा आली पाहिजे, हे खेळ तर नुसती प्रस्तावनाच तासभर सांगतात, असं तो म्हणतो. आणि तू शाळेपासून एकेक करून जमवलेली ती फळी, तुझा जीव तिच्यात अडकलेला. मग तुम्ही दोघांनी ठरवलं, की कधीच न खेळलेल्या एका माणसाला त्यातला एक खेळ द्यायचा आणि तो म्हणेल तसं करायचं. इथवर ठीक. पण तो माणूस निवडायचं काम तू तुरतुऱ्यावर सोपवलंस आणि त्याने बरोबर माझं नाव घेतलं! का, तर म्हणे मामा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी टाकून उठून आले होते. अगं, त्याचं कारण वेगळं होतं. समोर कोणीतरी माझी सायकल उचलत होतं. पण एकदा माणसाचं नाव खराब झालं की झालं.

तर मी, आयुष्यभर कुलपं दुरुस्त केलेला आणि व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचे डोळे बिघडवायचं यंत्र समजणारा माणूस, निःपक्षपातीपणे खेळायला बसलो. पहिल्याच चित्रात एक पोरगा झोपलेला. केस असे, की कंगव्याने राजीनामा दिला असावा. त्याची आई त्याला उठवते आणि सांगते, गावच्या प्रमुखाला भेट. प्रमुख सांगतो, जगावर संकट आलंय, ते तू दूर कर. म्हणजे बघ, गावात एवढे धडधाकट बाप्ये, पण जग वाचवायचं काम अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या पोराकडे, आणि सोबत काय, तर एक लाकडी दांडकं. आमच्याकडे दुकानात नवीन माणूस ठेवला तर आठवडाभर मी त्याला कानससुद्धा हातात देत नाही.

बरं, कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. बाण नाही, पाटी नाही. गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं, आणि तो काय बोलला ते लक्षात ठेवायचं. एक म्हातारा म्हणतो, उत्तरेला गुहा आहे. परत विचारलं, तरी उत्तरेला गुहा आहे. गाव उठून गेलं तरी तो उत्तरेला गुहाच सांगेल. (आपल्या थोरल्या काकांची आठवण झाली.) गावाबाहेर पाऊल टाकलं, की चार पावलांवर आडवा येतो फुगीर बेडूक. त्याच्याशी लढायची पद्धत मात्र मला आवडली. मी एक मारायची, मग थांबायचं. बेडकाने एक मारायची, मग त्याने थांबायचं. इतकी शिस्त मी दूध केंद्राच्या रांगेत पाहिली नाही. माझं बोट सावकाश चालतं, पण बेडकाची तक्रार नाही. मी मध्येच चहा घेऊन आलो, तरी तो तसाच उभा. नवख्या माणसाला यासारखी सवलत नाही बघ. तुरतुऱ्याच्या मोटारीत चहा घ्यायला उठलो असतो, तर थेट दरीत गेलो असतो.

पण मग कपाटांचा प्रसंग आला, आणि तिथे आमचं बिनसलं.

मामी शेजारी स्वेटर विणत बसलेली. ती म्हणाली, अहो, त्या घरात शिरा, तिथे कपाट दिसतंय. शिरलो. घरात एक बाई उभी. मामी म्हणाली, उघडा, आत काहीतरी कामाचं असेल. म्हटलं, अगं, उघडा काय? परक्याचं घर, परक्याचं कपाट! तुला माहीतच आहे, मालक समोर उभा राहून उघड म्हणाल्याशिवाय मी आजवर कोणाच्या डबड्यालासुद्धा हात लावलेला नाही. एकदा एका वकीलसाहेबांना त्यांच्याच दाराबाहेर पावसात उभं केलं होतं, कारण घर त्यांच्या बायकोच्या नावावर होतं. तर मी रीतसर त्या बाईला विचारायला गेलो. ती म्हणाली, आज वारा छान सुटलाय. आता ही काही संमती नव्हे. मामीचं म्हणणं, ती बघतेय आणि अडवत नाही, म्हणजे चालतंय. मी म्हटलं, ह्याच न्यायाने उद्या तू बँकेत शिरशील. आमचं त्यावरून एवढं वाजलं, की शेवटी बेडूकच बरा म्हणून मी गावाबाहेर पडलो.

त्यानंतर मी प्रत्येक गावातून, प्रत्येक घरातून, प्रत्येक पेटीसमोरून मान ताठ ठेवून गेलो. कुठे हंडा दिसला, वाकून पाहिलं नाही. राजवाड्यात तर पेट्यांची ओळच लागलेली. पहारेकरी तोंड फिरवून उभा, तरी हात लावला नाही. परिणाम असा, की इतरांचे पोरगे म्हणे एव्हाना चिलखत घालून हिंडतात, आणि माझा अजून त्याच सदऱ्यात, त्याच दांडक्यानिशी. पुढे त्याला एक मलमपट्टी करणारी मुलगी आणि एक जादूगार म्हातारा सोबतीला मिळाले. म्हातारा ठिणगी टाकतो तेवढी टाकतो, मग दमून बसतो. त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही, आम्ही एका वयाचे. मिळतील ती औषधं मी अडीअडचणीला म्हणून राखून ठेवली, आणि तिघंही औषधांची पिशवी जशीच्या तशी भरलेली असताना एका वटवाघळाकडून आडवे झाले. मामी म्हणाली, घरातही तुमचं असंच आहे, नवीन टॉवेल कपाटात आणि अंग पुसायला पोतेरं.

खेळ राखून ठेवायची जागाही यांनी मोजकीच ठेवलीय. एक निळा दगड दिसला, तरच. एरवी तुम्ही मेलात काय आणि जेवायला उठलात काय, सारखंच, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला खोलीतून उठताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, त्यामुळे मी ते पहिलं गाव इतक्यांदा पाहिलंय, की तिथे मला रेशनकार्ड मिळेल.

आणि आता मी उत्तरेच्या गुहेत अडकलोय. समोर दार. दाराला कुलूप. माझ्यासमोर कुलूप, भाचीबाई! मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. दार चांगलं जुन्या बनावटीचं, बिजागरी बाहेरून आहे. बाहेरून बिजागरी असलेलं दार म्हणजे दारच नव्हे, खिळा ठोकून वर काढला की कवाड हातात येतं. पण ह्या खेळात खिळा काढायची सोयच नाही! सगळी बटणं दाबून पाहिली. पोरगा दाराला नाक लावून उभा राहतो आणि म्हणतो, हे बंद आहे. अरे, ते मला दिसतंय! किल्ली कुठे असेल, तर मामीच्या मते प्रमुखाच्या घरातल्या कपाटात. म्हणजे इकडूनतिकडून माणसाला चोर केल्याशिवाय यांना चैन पडत नाही.

तेव्हा तू मागितलास तसा माझा निकाल सहीनिशी देतो. देताना हात जड झालाय, कारण ती फळी तुझी किती लाडकी आहे ते मी जाणतो. बेडूक सभ्य आहे, गाणं गोड आहे (वरच्या मजल्यावरचे शिंपी आता तेच गुणगुणत कापड बेततात), ती मलमपट्टीवाली मुलगी तर घरची वाटायला लागलीय. पण आजच्या नवख्या माणसाला हा खेळ झेपणार नाही. तो वाट दाखवत नाही, क्षणोक्षणी आडवा येतो, आणि सरळ चालणाऱ्याला दारात उभा करतो. फळी काढावी. तुरतुऱ्याला सांग, तुझी खुर्ची मांड.

तुझा,
कुलूपवाला मामा

ता. क. — पत्र मामीला वाचायला दिलं. दिलं नसतं तर बरं झालं असतं. वाचून ती म्हणाली, निकाल खेळाचा लिहिलाय की तुमचा? मग असं उघडकीला आलं, की मी दुपारी दुकानात गेलो की बाई स्वतः खेळतात. खेळ राखून ठेवायच्या वेगळ्या खान्यात, स्वतःच्या नावाने! ते गुहेचं दार तिने कधीच ओलांडलंय. तिचा पोरगा चिलखतात आहे, त्याच्या हातात तलवार आहे, त्याच्याकडे समुद्रात जायला बोट आहे. बोट! तिने जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडले, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं ती शेवटपर्यंत ऐकते, आणि मग शांतपणे त्याचं कपाट उघडते. तिच्या मते हा खेळ अगदी सोपा आहे, फक्त माणसाने लोकांचं ऐकावं आणि मिळालेलं औषध प्यावं. नवीन माणूस म्हणून मीही धरली जाते, माझाही निकाल लिहा, असं तिचं म्हणणं. तर मामीचा निकाल : फळी ठेवावी. एकास एक झालं. आम्ही सध्या बोलत नाही, पण जेवण आहे.

ता. क. २ — रात्रभर झोपून विचार केला. माझा निकाल मागे घेतो. वरचा तो परिच्छेद कात्रीने काप, म्हणजे मी लिहिलाच नाही असं होईल. (मागच्या बाजूला बेडकाची स्तुती आहे, ती जपून काप.) खरं म्हणजे हे पत्र मी ज्यासाठी लिहायला घेतलं, ते लिहायचंच राहिलं. खेळ तुझ्या मालकीचा आहे. म्हणजे त्यातली गावं तुझी, घरं तुझी आणि कपाटंही तुझीच झाली. तेव्हा मला एक चिठ्ठी लिहून पाठव : 'मी, खाली सही करणार, माझ्या खेळातली सर्व कपाटं, पेट्या आणि हंडे उघडण्यास माझ्या मामांना परवानगी देत आहे.' राजवाड्याचा उल्लेख वेगळा कर, नंतर वाद नको. चिठ्ठी येईपर्यंत मी पहिल्या गावाबाहेर बेडूक मारत बसलोय. आणि यंत्र परत मागू नकोस.

ता. क. ३ — काल पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तुरतुऱ्या स्वतःच निकाल न्यायला आला. डोक्यावर हेल्मेट, खाली गाडी चालू. म्हणाला, मामा, द्या पटकन, मला वेळ नाही. मामी तेव्हा भर समुद्रात होती. पाऊस आला म्हणून तिला वाळत घातलेले कपडे काढायला पळायचं होतं. तिने खेळाचं ते बटणांचं यंत्र त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, नुसतं धरून उभा राहा, काही दाबू नकोस. त्याने दाबलं. कपडे घेऊन मामी परत आली, तर हा खाली मांडी घालून बसलेला, हेल्मेट तसंच, आणि तिलाच विचारतोय, मामी, ह्या बेटावर कोणाशी बोलायचं राहिलंय का हो? खाली जाऊन त्याची गाडी मी बंद केली.

तो आज परत आलाय. शर्यतीच्या खुर्चीचं विचारलं तर म्हणतो, मामा, मी फळी काढायची म्हणालो होतो ते भिंत रंगवायला, तुम्हाला वेगळं ऐकू आलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी खोटारडा कसं म्हणू? तू त्याला फोन करून बोलावून घे आणि लेखी कबूल करून घे, तोंडी सोडू नकोस. पण आत्ता करू नकोस. आत्ता त्याची बोट वादळात आहे, आणि निळा दगड अजून लांब आहे.