मातृभाषेचा रकाना

बेंगळूर, ५ फेब्रुवारी २०११

सौ. कमलबाई हिस गुंडेरावाचे अनेक आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी सुटली. पोरगा-सून फार जपायलेत. तुझा गुडघा कसा हाय? शेंगाची चटणी मिळाली. निम्मी नातीनंच खाल्ली.

काल तीच, मंजुश्री, शाळेतली जुनी कन्नड कविता म्हणत होती. फार गोड म्हणते. मग विचारली, "अज्जा, कन्नड आता अभिजात भाषा हाय. आपल्यात कुणाची मातृभाषा कन्नड हाय का?" मी पटकन म्हणालो, "न्हाई, आपण सगळे मराठी." तवापासून घास गोड लागंना.

दहा वर्षांखाली आपल्या मुडबीत खानेसुमारीचं काम माझ्याकडं होतं. 'माणूस सांगेल तेच लिहावं' हा नियम मीच बाकीच्या मास्तरांना वाचून दाखवला होता. आपल्या घरचा कागद भरताना तू चुलीपासून म्हणालीस, "माझी कन्नड लिवा." मी हसलो, "मराठीच्या मास्तरची बायको, अन् कन्नड?" आणि मराठी लिहिलं. तू भाकर तेवढी उलटलीस.

मायबोलीच्या कविता शिकवताना वर्गात माझे डोळे भरायचे. तुलाही माहेरी, मन्नाएखेळ्ळीत, एक माय होती, हे कधी मनात आलं न्हाई.

येत्या आठवड्यात खानेसुमारीवाले येतील. मी तिथं नसणार, हे बरंच झालं. तू कन्नड सांग. आणि सही करण्याआधी, काय लिहिलं ते त्यांना वाचून दाखवायला लाव. मास्तर असला तरी.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

गुंडेराव