मधपेट्यांची वजनं

४ मार्च
पीएचडीचा पेपर गाईड सरांच्या टेबलावर ठेवला. एकदाचा! सगळं काम ज्या डेटावर उभं आहे, तो माझा नाही. मधपेट्यांची तासातासाची वजनं – दुसऱ्या गावातल्या एका संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेली, सगळ्यांसाठी खुली. मनात मी त्यांना मधमाशीबाई म्हणते. डेटा फुकट वापरा, अट एकच – संदर्भयादीत उल्लेख करा.

९ मार्च
मधमाशीबाईंची मेल. 'अगं, जूनमध्ये आमच्या संस्थेची समिती बसतेय. ज्या डेटाचा कुठल्याच यादीत उल्लेख नाही, त्याची मोजणी बंद, पेट्या विकून टाकणार. वापरतात पुष्कळ जण, नाव कुणी घेत नाही. तुझा पेपर वेळेत आला तर टिकेल बघ.'
लगेच कळवलं – उल्लेख आहेच!

१५ मार्च
पेपर परत आला. जर्नलला चाळीसच संदर्भ चालतात म्हणून सरांनी एक ओळ उडवलीय. नेमकी तीच!
'डेटा म्हणजे काय संदर्भ आहे का? भाजीवालीचं नाव घेऊन जेवतो का आपण?' वर स्वतःच हसले. त्यांचे स्वतःचे सात पेपर मात्र यादीत ठाण मांडून बसलेत. म्हटलं, सर, अट आहे त्यांची. 'आभारात टाक कुठेतरी.' समिती आभार धरत नाही, हेही सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं.
माझ्या पदवीवर यांची सही लागते. पेपर उचलून बाहेर आले.
आई फोनवर – 'ठणकावून सांगायचं!' तिला काय जातंय सांगायला.

१६ मार्च
जर्नलला पाठवला. तसाच.

२ मे
दोन्ही परीक्षकांचे रिव्ह्यू आले. नावं अर्थातच गुप्त. पहिल्यानं झोडपलंय. दुसऱ्यानं किती आपुलकीनं वाचलंय! आलेखातल्या चुकासुद्धा हळूच दाखवल्यात. पण डेटा कुणाचा, यावर दोघांचाही चकार शब्द नाही. एकानं जरी विचारलं असतं ना, तर सरांना झक मारत ती ओळ घालावी लागली असती. त्याच आशेवर होते मी. आता काही हातात नाही. रडू येतंय नुसतं.

२० मे
पेपर स्वीकारला. सरांनी चहा पाजला. अर्धा कप तसाच ठेवून उठले. मधमाशीबाईंना काय तोंडानं कळवू?

११ जून
त्यांचीच मेल आली. पेट्या परवा गेल्या.
'मनाला लावून घेऊ नकोस. तुझा पेपर मी छापण्याआधीच वाचला होता. दुसरी रिव्ह्यूअर मीच. पण मीच तपासायचं आणि मीच माझं नाव घाल म्हणायचं – नाही जमलं गं मला.'